बाईंची कातीण

ज्यांना लिहिता येतं त्यांनी लिहावं आणि आपण वाचावं, असंच मी आजवर समजत आलो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. घरी लिहिण्याचं काम म्हणजे लग्नपत्रिकांवर पाहुण्यांची नावं टाकणं. माझं अक्षर बरं आहे म्हणून ते माझ्याकडे येतं. तेव्हा एका अख्ख्या माणसाबद्दल लिहायला बसणं हे जरा जास्तच होतं आहे, हे मला कळतं. त्यातून ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना स्वतःबद्दल कुणी बोललेलं आवडत नसे. "माह्याबद्दल बोलू नको, काम सांग," असं म्हणायच्या. काम काही नाही, तरी लिहितो आहे. जिथे चुकेल तिथे सांभाळून घ्यावं.

त्यांचं नाव लिहीत नाही. वर्ध्याजवळच्या सेलूत सगळे त्यांना बाई म्हणत. मीही बाईच म्हणेन.

आमचं गाव रोहण्याच्या पलीकडे. बारावीनंतर मी आणि बाबा सेलूत खोली शोधत फिरलो, तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी मी घरी परत जाणार हे जवळजवळ ठरलं होतं. खोली भाड्याने देणे आहे, अशा पाट्या बऱ्याच होत्या. प्रत्येक घरी आधी नाव विचारत, मग आडनाव. आडनाव ऐकलं की समोरच्याला एकदम आठवायचं, की खोली कालच गेली. पाटी तशीच लटकलेली असायची. आम्ही घरी गोंडी बोलतो. एका घरातून बाहेर पडल्यावर बाबांनी रस्त्यातच मला गोंडीत विचारलं, "जायचं का परत?" माझ्या डोक्यावर वळकटी होती. मी नुसता पुढे चालत राहिलो.

बाईंच्या दाराला पाटी नव्हती, कुणीतरी सांगितलं म्हणून गेलो. त्या उंच, सुती पातळ, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. मी नाव सांगायला तोंड उघडलं, तर त्या म्हणाल्या, "नाव मंग सांगजो. त्या खोलीत कातीन राह्यते. भिंतीवर. चालन काय?"

कोळी म्हणतात तीच ही, आमच्याकडे कातीण. मी खोलीत डोकावलो. कॅलेंडरच्या कडेला ती बसली होती. तपकिरी, चपटी, पाय पसरलेले, माझ्या तळहाताएवढी. आमच्याकडे समज असा, की कातीण अंगावरून गेली की तिच्या विषाने कातडी भाजल्यासारखी होते. माझ्या बहिणीच्या मानेवर तसा पट्टा उठला होता तेव्हा आई रात्रभर तिच्याजवळ बसली होती. तरी मी म्हणालो, "चालन."

बाईंनी माझ्या कपाळाकडे पाहिलं. घाम आला असावा. "मंग आजच ये राह्याले," म्हणाल्या. आडनाव त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही, आणि पुढेही कधी नाही.

बाई जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेल्या. शाळा सुटली तरी शिट्टी सुटली नव्हती. आमच्या गल्लीत नळाची वेळ नक्की नसे, पण पहिली धार बाईंच्या मोरीत पडे. मग बाई दारात येऊन लांब शिट्टी मारत आणि सगळी गल्ली बादल्या घेऊन बाहेर पडे. समोरच्या खोलीत त्यांनी खुर्ची ठेवलेली नव्हती. "बसला का मानूस विषय वाढवते," हे कारण. तलाठी येवो की नातेवाईक, उभ्याने बोलायचं आणि जायचं.

घर मात्र लख्ख. लोकांना वाटे बाई कातिणी पाळतात म्हणजे घर जाळ्यांनी भरलेलं असेल. उलट, दर रविवारी त्या बांबूला फडकं बांधून कोपरा न् कोपरा झाडत. आमच्या खोलीतली कातीण जाळं विणणाऱ्यातली नव्हतीच. दिवसभर ती कॅलेंडरमागे. अंधार पडला की बाहेर यायची, भिंतीवर डोकं खाली करून बसायची आणि तासन् तास हलायची नाही. मग एखादं झुरळ खालून सरसरत जायचं आणि आपल्याला काही दिसायच्या आत ते तिच्या तोंडात असायचं. सकाळी खाली झुरळाचे नुसते पंख. ते बाई झाडूने गोळा करत आणि आम्हाला दाखवत. "तुमच्यासारखीच भाडेकरू हाये थे. पन तुमच्यासारखा लाइट जाळत नाई."

"बाई, चावते काय ती?" मी एकदा विचारलं.

"दाबली तर चावन. तुले दाबलं तर तूबी चावशीन."

त्यांनी तिला नाव ठेवलं नव्हतं. प्रफुल, माझा खोलीतला जोडीदार, केळझरकडचा, तिला माझी मावशी म्हणायचा. "अबे, तुही मावशी आली पाय," असं म्हणून मला उठवायचा. मी चादर तोंडावरून घेऊन झोपायचो, उन्हाळ्यातसुद्धा. पुस्तक वाचताना एक डोळा भिंतीवर. ती जागेवर दिसली की भीती वाटायची आणि दिसली नाही की त्याहून जास्त.

आता ते सांगतो, ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं.

गणपती उठून गेले होते. कपाशी कमरेला आली होती आणि संध्याकाळी दिव्याभोवती किड्यांचे थवेच्या थवे. एका सकाळी प्रफुल उठला तो डावा डोळा मिटलेलाच. डोळ्याखालून गालावर लाल पट्टा, कुणी तापलेली सळई ओढावी तसा, त्यावर बारीक फोड. डॉक्टरांनी किडा आहे म्हणून मलम दिलं. पण गल्लीत दुपारपर्यंत झालं होतं, बाईंच्या कातिणीने पोट्ट्याचा डोळा खाल्ला. प्रफुल एकुलता एक. पोलीस भरतीसाठी रोज सकाळी पळायला जायचा. डोळा गेला तर सगळंच गेलं, हे त्याच्या घरी कुणाला सांगावं लागणार नव्हतं.

संध्याकाळी त्याचे बाबा आले ते थेट शेतातून. पाठीवर फवारणीचा पंप, कपाशीच्या औषधाने भरलेला. ते दारात यायच्या आधी तो वास घरात आला.

"कुठं हाये थे?" त्यांनी विचारलं.

"कोन?" बाई म्हणाल्या.

"कातीन. पोट्ट्याचा डोळा घ्याले निंगाली व्हती. आज तिले सोडत नाई."

"डॉक्टरनं कातीन म्हनलं काय, भाऊ?"

"डॉक्टर किडा म्हने. किडा म्हंजे कातीनच ना?"

"पंप बाहेर ठेवा. मंग बोलू."

"बोलाले नाई आलो मी." त्यांनी दांडा हलवायला सुरुवात केली. पंपात हवा भरल्याचा आवाज येत होता. ते खोलीच्या उंबऱ्यात पोचले, नळी भिंतीकडे वळली, आणि बाईंनी शिट्टी मारली.

इतक्या जवळून ती शिट्टी ऐकल्यावर माणूस थांबतोच. प्रफुलचे बाबाही थांबले. पण बाहेर गल्लीला वाटलं नळ आला. पाच मिनिटांत दारात बायाबापड्या बादल्या घेऊन उभ्या. पाणी नाही असं कळल्यावरही कुणी गेलं नाही.

"हे शेतातलं औषध हाये," बाई म्हणाल्या. "ह्या खोलीत पोट्टे निजतात."

"माह्या घरी म्या ढेकनाले मारलं. काई झालं नाई."

"तुमच्या घरी तुमी मारा. इथं मारलं तर मी ह्या खोलीले आजच कुलूप लावते. औषधाच्या खोलीत मी कोनाचं लेकरू निजवत नाई. ना तुमचं, ना हे."

'हे' म्हणजे मी. मी कोपऱ्यात वळकटीजवळ उभा होतो. त्या क्षणी माझ्या डोळ्यांसमोर सेलूतल्या त्या सगळ्या पाट्या आल्या.

प्रफुल खाटेवरून म्हणाला, "बाबा, राहू द्या ना."

"तू चूप. एका डोळ्यानं भरती व्हते काय?" आणि मग बाईंकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "बाई, तुमाले लेकरू नाई. तुमाले नाई समजत."

बाईंनी ते ऐकलं की नाही कळलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि लोणच्याची रिकामी काचेची बरणी घेऊन आल्या. एका हाताने कॅलेंडर हळूच उचललं, दुसऱ्याने बरणीचं तोंड भिंतीला लावलं. ती आत आली. खाली पुठ्ठा सरकवला. मग सगळ्यांकडे तोंड करून उभ्या राहिल्या, पुठ्ठा काढला आणि बरणीचं तोंड स्वतःच्या गालावर दाबून धरलं.

काचेतून सगळं दिसत होतं. ती आधी तळाशी होती. मग काचेवरून उतरली आणि बाईंच्या गालावर आली. पाय पसरून बसली. दारातल्या एकीने बादली खाली ठेवली. बाई पापणी न हलवता उभ्या. बऱ्याच वेळाने त्यांनी गाल आणि बरणी यांच्यामध्ये पुठ्ठा सरकवला आणि बरणी बाजूला केली. "पाहा. उद्या दिवे लागेपर्यंत पाहा. फोड आला तर तुमी पंप मारा, मी दार उघडून देते."

मला वाटलं झालं. पण दारातून आवाज आला, "बाईले ओळखते थे. रोजची हाये."

"तेच तं!" प्रफुलचे बाबा म्हणाले. "घरच्यावर कुत्रंबी भुकत नाई. दुसऱ्याच्या गालाले लावा. मंग मानतो."

दारातले लोक मागे सरकले. सगळे एकदम, जणू बरणी त्यांच्याकडे येते आहे. बाईंच्या हातात पुठ्ठा ठेवलेली बरणी आणि तिच्यात ती गोल गोल फिरत होती. प्रफुलच्या बाबांचा हात पुन्हा दांड्यावर गेला.

"मले लावा, बाई," मी म्हणालो. आवाज माझाच होता, पण फार बारीक निघाला.

"पोट्ट्याईले यात घ्याचं नाई," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहून, "काऊन?"

"मले दुसरी खोली नाई भेटत."

त्यांनी मला खिडकीपाशी उभं केलं. मी डोळे मिटले. आधी गालाला काचेची गार कडा लागली, मग जुन्या लोणच्याचा वास आला. मग काहीच नाही. ते काहीच नाही फार लांबलं. मग केसाने कुणी शिवावं तसं गालावर एका जागी, मग दुसऱ्या, मग पुष्कळ जागी एकदम. ती वर चालत होती. डोळ्याच्या कोपऱ्यापर्यंत आली. मला बहिणीची मान आठवली. मला पळून जावंसं वाटलं, घरी, रोहण्याच्या पलीकडे, आईजवळ.

"हालू नको," बाईंचा आवाज अगदी कानाशी. "श्वास घे. तिलेबी तू काई आवडला नाईस."

बरणी निघाली तेव्हा मी डोळे उघडले. बाईंनी कातिणीला भिंतीवर सोडलं. ती तिरकी धावत कॅलेंडरमागे गेली. माझ्याही आधी तिला सुटका हवी होती असं दिसलं.

प्रफुलचे बाबा घरी गेले नाहीत. पंप ओसरीत ठेवला आणि माझ्यासमोर सतरंजीवर बसले. "लाइट चालू ठेवा," म्हणाले. "याचा गाल मले दिसला पाह्यजे." खिडकी उघडी, ट्यूबलाइट चालू, आणि बाहेरचे सगळे किडे आत. बाई माझ्या गालाकडे बघतच नव्हत्या. त्या किड्यांकडे बघत होत्या.

एकदम त्यांनी शिट्टी तोंडाला लावली, पण उशीर झाला. प्रफुलच्या बाबांनी स्वतःच्या मानेवर चापट मारली होती. हाताला काहीतरी चिकटलं. त्यांनी ते दुपट्ट्याला पुसलं.

"हे पाहा," बाई खाली वाकल्या. मुंगीएवढा एक लांबट किडा, अर्धा लाल, अर्धा काळा. "मान साबनानं धुवा, भाऊ. आत्ता. हा चिरडला का जाळते. प्रफुलनं झोपेत गालावर हाच चिरडला."

"मुंगी हाये थे."

"मुंगी नाई. धुवा."

"तुमी कातिनीले वाचव्याले काईबी सांगान, बाई."

बाईंनी पुन्हा एकदा सांगितलं, मग सांगणं सोडून दिलं. भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि कुणी न विचारता बोलल्या. असं त्या कधी करत नसत. "मले पाह्याले पाव्हने आलते, तवा माह्या गालावर असाच पट्टा व्हता. कातीन फिरलेली पोरगी नोको म्हने. उठून गेले. माह्या मायनं घरातली एकूनएक कातीन मारली. मंग शाळेत लागली, तं दरवर्षी याच दिवसांत पोरींचे गाल असेच. मी वसतिगृहाचा लाइट दारापासून हटवला. पट्टे बंद." थोडं थांबून म्हणाल्या, "पाव्हने गेले थे बरंच झालं म्हना. त्यात मी वाचली का थे, सांगता येत नाई."

प्रफुल हसला, तोंडाला हात लावून. त्याचे बाबा हसले नाहीत.

सकाळी उठलो तो दारात गर्दी. "आला ना पट्टा!" कुणीतरी ओरडलं. मी गालाला हात लावला. खरंच गाल गरम होता, खडबडीत होता. प्रफुलचे बाबा उठले आणि न बोलता ओसरीकडे गेले. पंपाचा पट्टा त्यांनी खांद्यावर घेतल्याचा आवाज मी ऐकला. बाईंनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "चटईचे वळ हायेत. चहा होईस्तोवर थांबा." चहा झाला. वळ गेले. पंप परत खाली ठेवला गेला. पण तो दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. गाल सारखा खाजत होता. दाढीच्या आरशात मी पुन्हा पुन्हा बघायचो. बाई मागून म्हणायच्या, "खाजवू नको. खाजवून तूच पट्टा काढशीन."

दुपार कलली तसं माझ्या लक्षात आलं की प्रफुलचे बाबा दुपट्टा मानेवरून काढतात आणि पुन्हा ठेवतात. बोटांनी चाचपतात. बाईंनीही पाहिलं असणार. दिवे लागायच्या वेळी बाईंनी माझा आरसा खुंटीवरून काढला आणि प्रफुलच्या बाबांच्या हातात दिला.

त्यांनी मान वळवून बराच वेळ पाहिलं. मग प्रफुलकडे पाहिलं, त्याच्या गालावरच्या पट्ट्याकडे. मग मला जवळ बोलावलं आणि अंगठ्याने माझा गाल पुसून पाहिला, काही लपवलेलं आहे का बघावं तसा.

"तुले काईच नाई."

"नाई, काका."

"माह्या मानेले हाये," ते म्हणाले. जणू मला विचारत होते.

बाई साबण आणि तांब्या घेऊन उभ्या होत्या. या वेळी काकांनी मान धुतली. पंप पाठीवर घेऊन निघताना दारात थांबले. "बाई, तो लाइट खिडकीपासून दूर लावा."

"उद्याच लावते."

ते पटले असं मात्र समजू नये. प्रफुलने नंतर हसत हसत सांगितलं, की गावात बाबा म्हणतात, बाईंच्या कातिणीने रागावून दुरूनच माझी मान जाळली. पण प्रफुलला त्यांनी तिथेच राहू दिलं. त्याचा डोळा वाचला. तो भरतीत पहिल्या वेळी पडला, दुसऱ्या वेळी निघाला.

काही दिवसांनी कातीण पोटाखाली एक पांढरी चकती धरून फिरू लागली, कापसाच्या पेढ्यासारखी. अंडी होती. खाणं सोडलं तिने. समोरून झुरळ गेलं तरी हलायची नाही. बाईंनी आम्हाला कपाटाचं दार जोरात लावायला बंदी केली. आणि मला आठवतं, मी तेव्हा चादर तोंडावरून काढून झोपत होतो. भीती गेली नव्हती. पण ती काय करते हे बघावंसं वाटे.

पुढे एम.एस्सी.ला नागपूरला निघालो तेव्हा वळकटी बांधून मी बाईंना म्हणालो, "बाई, पहिल्या दिवशी मी चालन म्हनलो, पन मी लय भेत होतो."

"माहीत हाये," त्या म्हणाल्या. "मी भेत नाई म्हननाऱ्याले मी खोली देतच नाई. थो पहिल्याच दिवशी चप्पल मारते." आणि मग शिट्टी मारली, कारण नळ आला होता. आमचा निरोप तेवढाच. उभ्यानेच.

बातमी मला उशिरा कळली. परीक्षेच्या दिवसांत माझा फोन बिघडला होता आणि मी तो पेपर संपेपर्यंत दुरुस्त केला नाही. चालू केला तेव्हा एका अनोळखी नंबरचे बरेच फोन येऊन गेलेले. लावला. बाईंचा भाचा होता.

"थो कातीनवाला पोट्टा म्हंजे तुमीच काय? मावशीच्या मोबाइलात तुमचं तेवढंच नाव हाये."

मी हो म्हणालो. बाई गेल्या होत्या. वर्ध्याला दवाखान्यात, दुपारी. तेरवीसुद्धा होऊन गेली होती. मग तो म्हणाला, की आधीचे फोन ही बातमी द्यायला होते, आता दुसरंच काम आहे. एक मुलगा खोलीसाठी आला आहे, ओसरीत वळकटी घेऊन उभा आहे, आणि मावशीने दवाखान्यात बजावून ठेवलं होतं, की पोट्ट्याले आडनाव विचारायचं नाही.

"मंग काय विचारू, भाऊ?"

"कॅलेंडरमागं पाहा," मी म्हणालो. "हाये काय?"

पावलं ऐकू आली, कागद उचलल्याचा आवाज, आणि मग तो एकदम दचकला. "अरे बाप! हाये."

"पोट्ट्याले दाखवा. चालन काय विचारा."

"अन् भेला तं?"

"भेला तं नक्की द्या, दादा," मी म्हणालो. "मीबी लय भेलतो."